येऊ द्या

कानातली ती बोंडं काढा आधी. दोघांनीही. आणि तू गं, केस पुढे घेऊन लपवू नकोस, दिसतंय मला. गोष्ट ऐकायची तर कान सबंध लागतील, अर्धेमुर्धे चालायचे नाहीत.

हां. आता कसं. लाइट काही इतक्यात येत नाही. मघाशी ट्रान्सफॉर्मर नुसता 'फट्' झाला नाही, 'फट्' होऊन वर 'हूंऽऽ' झाला. म्हणजे सकाळपर्यंत निश्चिंती. उभा जन्म बसडेपोतल्या वायरींशी संसार केलाय तुमच्या मामाने, एवढं कळतं.

भुताची हवी? बरं. पण झाडावरची, विहिरीतली मला येत नाही. मला येते ती डेपोतली. सगळी माझ्यासमोर घडली असं म्हणणार नाही. ज्याच्यावर बेतली तो माझा दोस्त. त्याने सांगितली तशी सांगतो, पदरचं काही घालत नाही.

तो ड्रायव्हर होता. आम्ही सगळे त्याला भोंगा म्हणायचो. बोलायला लागला की कॅन्टीनच्या खिडक्या हादरायच्या. "एक चहा" म्हणाला की तीन टेबलांवर चहा यायचा. आम्हाला वाटायचं, स्वभाव आहे. स्वभाव कसला! स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यावा म्हणून ओरडत होता बिचारा.

आता हसू नका. जुन्या गाड्यांचं इंजिन पुढे असतं, ड्रायव्हरच्या अगदी डाव्या बगलेत. वरून नुसतं पत्र्याचं झाकण. ते दिवसभर डाव्या कानात ओरडतं आणि उजव्या कानात खिडकीतून सगळा रस्ता ओरडतो. कानात कापूस घालावा तर कंडक्टरची बेल ऐकू यायला हवी. मग काय, वर्षानुवर्षं सोसायचं. कान एकदम जात नाही. आधी बारीक आवाज जातात. शिट्टी जाते, पाखरं जातात, बायकापोरांचं बोलणं जातं. जाडे आवाज राहतात. त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही आपण बहिरे होतोय याचा. त्याला वाटतं, बायकोच हल्ली पुटपुटते.

तर दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. दुसरा गुरुवार. दुपारी भोंगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "एक काम होतं तुझ्याकडे. घरची बेल बदलायचीय. जरा मोठ्या आवाजाची लाव."

मी म्हटलं, त्यात काय. दोघं मिळून बाजारात गेलो. दुकानदाराकडे होत्या त्यातली सगळ्यात कर्कश बेल घेतली. त्याचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक गॅलरी. वहिनींनी दार उघडलं. भोंगा आत युनिफॉर्मला इस्त्री करायला गेला आणि मी स्टुलावर चढलो. वहिनी स्टूल धरून उभ्या. हळूच म्हणाल्या, "भावोजी, परवा मी किल्ली विसरून खाली गेले होते. परत आले तर तासभर जिन्यात उभी. दार बडवून हात सुजला. हे आत पेपर वाचत बसलेले."

 वायर जोडली, स्क्रू पिळले आणि बटण दाबलं.

अरे, काय आवाज! शेजारचं तान्हं मूल उठून रडायला लागलं. खालचं कुत्रं भुंकलं. भोंग्याची मुलगी कॉलेजचा अभ्यास करत बसली होती, तिने दोन्ही हात कानांवर दाबले. आणि भोंगा इस्त्री हातात धरून शांतपणे बाहेर आला. म्हणाला, "झाली का रे लावून? एकदा वाजवून तरी बघ."

 मुलगी उठली, गॅलरीत गेली आणि पाठ करून उभी राहिली.

मला सोडायला तो खाली आला. जिन्यात थांबला. म्हणाला, "डावा गेलाय. पूर्ण. उजवा निम्माशिम्मा आहे."

"अरे, मग दर वर्षी कानाची टेस्ट असते, त्यात पास कसा होतोस?"

"ती बाई काचेपलीकडे बसते, आवाज ऐकू आला की आपण बटण दाबायचं. आवाज सोडला की दर वेळी माझ्याकडे बघते. तिने बघितलं की मी बटण दाबतो." हसला. पण हसण्यात काही दम नव्हता. "पोरीचं शिक्षण होईस्तोवर ओढतो. कळलं ना, तर स्टिअरिंग काढून घेतील माझ्याकडून. गेटवर बसवतील. फाटक उघड, फाटक लाव."

मी नुसती मान हलवली. तेव्हा तो जरा जवळ आला आणि त्याच्या परीने हळू आवाजात म्हणाला, "पण एक गंमत सांगू? त्या मेलेल्या कानात हल्ली थोडं थोडं यायला लागलंय."

"काय येतंय?"

"चिमणीचा आवाज."

चिमणी म्हणजे त्याची नवी कंडक्टर. वीस-बावीसची पोर, अंगाने एवढीशी, आवाज बारीक. डेपोने पहिल्याच दिवशी नाव ठेवलं तिला. तिच्याआधी भोंग्याबरोबर एक म्हातारा कंडक्टर होता, त्याचा आवाज ढोलासारखा. तो बोलला की भोंग्याला सगळं कळायचं. तो रिटायर झाला आणि ही आली. हिचं एक अक्षर याला कळेना. बेल तेवढी कळायची, कारण ती डोक्यावरच टांगलेली.

आणि त्यांचा रूट कसा होता बघा. शहर संपतं, नवीन इमारतींचे सांगाडे लागतात, तेही संपतात आणि मग एका बंद गोदामाच्या भिंतीशी रस्ताच संपतो. शेवटचा स्टॉप. तिथे गाडी वळवायची म्हणजे मागे घ्यावीच लागते, थेट त्या भिंतीपर्यंत. नव्या गाड्यांना मागे कॅमेरा असतो. हिला नव्हता. मग कंडक्टरने खाली उतरायचं, मागे उभं राहायचं आणि हाताने बोलवत ड्रायव्हरला सांगायचं, येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या… बस्स! 'बस' म्हटलं की ब्रेक.

भोंगा म्हणाला, "गाडी मागे घेताना ओरडते ना ती, ते 'येऊ द्या, येऊ द्या'. स्वच्छ येतं मला. आणि तेही डाव्या कानात. कान सुधारतोय बहुतेक. नाहीतर पोरगी तयार झाली म्हणायची."

मला बरं वाटलं. मी म्हटलं, चला, देव पावला. आणि घरी गेलो.

त्या रात्री शेवटची गाडी त्यांचीच होती. मेन स्टँडवरून पावणेबाराला सुटणारी. अंधारीबिंधारी रात्र नव्हती हां. चांगलं चांदणं होतं. पण खाली जमिनीलगत धुकं. दिव्याच्या खांबांना जणू पायच नव्हते, नुसती डोकी.

एकेक करून सगळे उतरले. शेवटी एक नर्स उरली होती, ती इमारतींच्या सांगाड्यांपाशी उतरली. गाडी रिकामी. चिमणी पुढे आली आणि भोंग्याच्या सीटमागे, उजव्या खांद्याशी येऊन उभी राहिली. त्या बाजूने बोललं तर काकांना कळतं, हे तिने हेरलं होतं. पोरगी हुशार.

"काका," ती मोठ्याने म्हणाली, "मी दुसरा रूट मागितलाय."

"का गं? मी काय केलं?"

"तुम्ही काही नाही केलं."

"मग? आत्ता कुठे आवाज काढायला शिकलीस. आधी नुसती चिवचिव होती. आता कशी पोटातून ओरडतेस."

"मी?"

"मग काय मी? गाडी मागे घेताना. येऊ द्या, येऊ द्या. अगदी जुन्या कंडक्टरसारखं."

चिमणी काही बोलली नाही. भोंग्याला वाटलं, बोलली असेल, आपल्याला ऐकू आलं नाही. म्हणून त्याने वरच्या आरशात पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते. चेहरा पांढरा पडला होता.

"काका," ती त्याच्या कानाशी वाकली. "मी शिट्टी वाजवते."

"काय?"

"शिट्टी! पहिल्या दिवसापासून. मी तिथे कधीच ओरडलेली नाही."

भोंग्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. गाडी आपोआप हळू झाली. शिट्टी त्याला ऐकू येणं शक्यच नव्हतं. ती तर कधीच गेलेली. मग इतके दिवस…

"तू रूट का मागितलास?" त्याने विचारलं.

 ती म्हणाली, "तिथे मागे उभी राहिले ना, की मला वाटतं, मी एकटी नाहीये."

आणि तेव्हा भोंग्याला आणखी एक गोष्ट लक्षात आली.  तो आवाज 'येऊ द्या' म्हणायचा. रोज म्हणायचा. पण 'बस' असं त्याने एकदाही म्हटलं नव्हतं. भोंगा आपला सवयीने, अंदाजाने थांबत आला होता.

परत फिरावं? कुठे फिरणार! रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना खड्डे. वळायला जागा एकच. त्या भिंतीपाशी.

स्टॉप आला. गाडी उभी केली. इंजिन चालूच ठेवलं.  मग तो म्हणाला, "पोरी, आज तू खाली उतरायचं नाहीस. मागच्या सीटवर बस. काचेतून बघ. भिंत जवळ आली की बेल मार. मी आरशात बघून घेतो."

"बरं," ती म्हणाली आणि मागे जाऊन बसली. वरच्या आरशात त्याने तिला बसलेली पाहिली.

रिव्हर्स टाकला.

गाडी सरकली.

बाहेरच्या आरशात नुसतं धुकं. मागच्या दिव्याने ते पिवळं झालेलं. भिंत दिसत नव्हती. तो बेलकडे कान लावून होता, म्हणजे उजवा.

आणि डाव्या कानात आलं.

"येऊ द्या…"

जाडा आवाज. पुरुषाचा. मागून आल्यासारखा नाही. कानाच्या आत बोलल्यासारखा.

"येऊ द्या… येऊ द्या…"

भोंग्याने वर आरशात पाहिलं. मागची सीट… रिकामी.

चिमणी नव्हती.

मधल्या वाटेत नव्हती. दारात नव्हती. मागचं दार उघडं…

त्याने हाक मारली. स्वतःची हाकसुद्धा त्याला ऐकू आली नाही. कान भरून गेला होता. डावाही. उजवाही.

"येऊ द्या… येऊ द्या… येऊ द्या…"

"आणि पाय?" मी त्याला विचारलं होतं. "पाय ब्रेकवर का नाही गेला?"

तो म्हणाला, "तूच सांग. सबंध आयुष्य त्या आवाजावर गाडी मागे घेतलीय. 'येऊ द्या' म्हटलं की पाय ऐकतो. मला विचारत नाही."

गाडी मागे जात होती.

हळू.

हळू…

"येऊ द्या…"

आणि मग थाप बसली.

ती त्याला ऐकू आली नाही. कळली. बुडाखाली. सीटच्या लोखंडातून, पाठीच्या मणक्यातून. धप्. मागच्या पत्र्यावर कुणीतरी पूर्ण हाताने थाप मारली होती. पुन्हा धप्. मग धप् धप् धप् धप्… जीव जात असल्यासारख्या.

ब्रेक.

इंजिन बंद पडलं.

आवाजही बंद.

…

तो खाली कसा उतरला, त्याला आठवत नाही. मोबाइलचा उजेड धरून गाडीला हात लावत लावत मागे गेला. 

चिमणी भिंत आणि गाडीच्या मध्ये उभी होती. भिंतीला पाठ लावून. तिचा एक पाय गटाराच्या फुटक्या झाकणात घोट्यापर्यंत अडकला होता. तिच्या नाकात आणि गाडीच्या पत्र्यात चार बोटांचं अंतर. डोळे मिटलेले. तोंडात शिट्टी. ती अजूनही वाजवत होती. गालांवरून दिसत होतं म्हणाला, वाजवतेय ते. त्याला मात्र काही ऐकू येत नव्हतं.

"पोरी!"

तिने डोळे उघडले. शिट्टी खाली पडली.

त्याने आत जाऊन गाडी थोडी पुढे घेतली. तिचा पाय सोडवला. चप्पल तिथेच राहिली, तिला कुणी हात घातला नाही. चिमणीला उचलून पुढच्या सीटवर बसवलं आणि विचारलं, "उतरलीस कशाला? तुला नको म्हटलं होतं ना मी!"

ती त्याच्या उजव्या कानाला तोंड लावून बोलली. "मागे माणूस उभा होता, काका. काचेतून दिसला. आपलाच युनिफॉर्म घातलेला. भिंतीला पाठ करून, हाताने गाडीला बोलवत होता. मी बेल ओढली. दोनदा ओढली. ओरडले. तुम्ही थांबेनात. मला वाटलं, चिरडेल तो. म्हणून त्याला बाजूला ओढायला उडी मारली."

"आणि?"

"तिथे कुणी नव्हतं."

भोंग्याने तोंडावरून हात फिरवला. म्हणाला, "नशीब, थापा मारल्यास. नाहीतर…"



"मी नाही मारल्या."

"अगं, मला कळल्या ना…"

"काका, माझे दोन्ही हात मागे भिंतीला चिकटले होते. मी हात उचललेच नाहीत. उचलताच येत नव्हते."

 मग गाडी डेपोकडे निघाली. भोंग्याने एकदाही आरशात पाहिलं नाही.

मी त्या रात्री ड्यूटीवर होतो. दीड वाजता गाडी आत आली. चिमणीला तिच्या भावाने येऊन नेलं. भोंगा घरी गेला नाही. माझ्या खोलीत स्टुलावर बसला. मी चहा दिला, तो निम्मा त्याच्या पँटवर सांडला. भाजलं असेल, पण त्याचं लक्ष नव्हतं. आणि हे सगळं त्याने मला सांगितलं, पहिल्यांदा आयुष्यात हळू आवाजात. इतकं हळू की मलाच पुढे वाकून ऐकावं लागलं.

मी ऐकत होतो आणि मला वाटत होतं, हे आपण आधी एकदा ऐकलंय. का, ते सांगतो.

भोंगा आमच्या डेपोत बदली होऊन आलेला. आधीचं त्याला माहीत नव्हतं आणि आम्हीही कुणी ते काढत नव्हतो. त्याच भिंतीशी एक कंडक्टर चिरडून गेला होता. बऱ्याच वर्षांपूर्वी. असाच रात्री, असाच गाडी मागे घेताना. दांडगा माणूस होता, जाड्या आवाजाचा. आणि त्याचा ड्रायव्हर… तोही टेस्टमध्ये पास झालेला. दर वर्षी पास. चौकशीत तो ड्रायव्हर एकच सांगत राहिला, "साहेब, तो येऊ द्या म्हणत होता. बस म्हणालाच नाही हो." रडत रडत सांगायचा. खोटं नव्हता बोलत. त्याला जेवढं ऐकू आलं तेवढंच सांगत होता.

त्या कंडक्टरने 'बस' म्हटलं असेल ना रे? ओरडला असेल. थापा मारल्या असतील. ऐकायला कोण होतं?

काय म्हणतेस? त्याने हिला मारायला बोलावलं की वाचवलं?

मला नाही सांगता यायचं. मी रात्र रात्र विचार केलाय. मला वाटतं, त्याच्या मनात चिमणीही नव्हती आणि भोंगाही नव्हता. त्याला बिचाऱ्याला तेवढंच येत असेल. आधी बोलवायचं, मग थापा मारायच्या. आमचा भोंगा बुडाने ऐकणारा निघाला, म्हणून पोर वाचली.

त्याच सकाळी दवाखाना उघडायच्या आत भोंगा दारात जाऊन उभा राहिला. त्या टेस्टवाल्या बाईला म्हणाला, "बाई, आज माझ्याकडे न बघता आवाज सोडा." तिला आधी कळेना. मग तिने मान खाली घालून मशीन चालवलं. भोंगा बटण हातात धरून बसला. बसूनच राहिला. बाईने मान वर केली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणाला, याच्या नव्हतं.

स्टिअरिंग गेलं. गेटवर बसवलं त्याला, जशी भीती होती तसंच. पण कानात मशीन आलं. पहिल्या दिवशी मशीन लावून घरी गेला, जेवायला बसला आणि अर्ध्या तासाने वहिनींना म्हणतो, "तू एवढं बोलतेस? इतकी वर्षं?" वहिनींनी हातातला वाढायचा डाव उगारला. मुलगी हसता हसता रडायला लागली. मग तिने त्याच्या जवळ बसून अगदी हळू आवाजात काहीतरी सांगितलं. काय, ते त्याने मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "ऐकू आलं."

भोंगा फाटकावर बसला तो स्वस्थ बसला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला अडवायचा. "कान दाखवून ये. खरा दाखव." त्याच्या त्रासाने निम्मा डेपो जाऊन आला. किती जणांचे कान गेलेले निघाले, ते ऐकून साहेबसुद्धा मटकन खुर्चीत बसले. आता टेस्ट घेणाऱ्या बाईला पाठ करून बसवतात. चिमणीला दिवसाचा रूट मिळाला. आणि ती गाडी आता त्या भिंतीपर्यंत जात नाही. एक स्टॉप अलीकडूनच फिरते.

झालं. उठा.

…

काय? अजून काय?

बरं. बसा.

भोंगा दवाखान्यात गेला होता ना, तेव्हाची गोष्ट. मी म्हटलं, त्या गाडीचा मागचा दिवा तरी बघू. पिवळा पडत होता म्हणे. ड्यूटी संपवून गेलो. उजाडत होतं. कडाक्याची थंडी. गाडी रात्री दीडपासून उभी. इंजिन पुढे, तेही गारढोण, मी हात लावून पाहिलं. मागे गेलो. सगळ्या पत्र्यावर दव. बोट फिरवलं तर पाणी ओघळत होतं.

मधोमध पत्रा आत गेला होता.

ठोकर नव्हती ती. भिंतीला गाडी लागलीच नव्हती. रंगाचा टवकाही उडालेला नव्हता. पंजे होते. पाचही बोटं स्पष्ट. एकावर एक, एकाशेजारी एक. चिमणीने टाचा वर करून हात ताणला असता तरी पोचला नसता, इतके वर.

सगळ्या पत्र्यावर दव… त्या पंज्यांवर नव्हतं. कोरडे.

आजूबाजूला कुणी नव्हतं. मी त्यातल्या एकावर माझा हात ठेवला. माझा पंजा त्यात हरवला.

पत्रा… कोमट होता.